त्याला झोपू द्या

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या आगगाडीत आपण कधी बसला असाल, तर वाटेत पापनाशम नावाचे एक लहानसे स्थानक आपल्या नजरेखालून गेले असेल. दोन्ही अंगांना भाताची शेते, केळीच्या बागा, आणि कुडमुरुट्टी नदीचे पाणी खेळविणारे कालवे. माझे सासर या गावचे. तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ साली संपले, तरी त्या राज्याबरोबर दक्षिणेत गेलेली मराठी घराणी तेथेच राहिली आणि आजही घरात मराठी बोलतात, हे ऐकून महाराष्ट्रातील पुष्कळांना नवल वाटते. मी वाईची. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा मलाही ते वाटले होते. परंतु आज आपल्याला सांगावयाचे आहे ते भाषेविषयी नव्हे. त्या गावात एका संध्याकाळी माझ्या तोंडून तीन शब्द निघाले, आणि ते मला अजून परत घेता आलेले नाहीत.

२००१ सालचा मे महिना होता. आमच्या समोरच्या घरात एक तमिळ कुटुंब राहत असे. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. मला तो ‘मामी’ म्हणे. त्या दिवशी मित्राला मागे बसवून तो मोटारसायकलवरून कुंभकोणमहून येत होता. कालव्याच्या वळणावर वाळूत चाक घसरले. हेल्मेट होते, पण ते हँडलला अडकविलेले. डोके रस्त्याकडेच्या दगडावर आपटले. मित्राने मागाहून सांगितले, की मिनिटभर तो निपचित पडून होता. मग उठला, कपड्यांची माती झटकली, गाडी उभी केली आणि स्वतः चालवीत घरी आला.

उजव्या कानाच्या वर बोटभर खरचटले होते आणि थोडी सूज होती. रक्त म्हणावे तर चार थेंब. त्याच्या आईने रडून गोंधळ केला, म्हणून मी धावत गेले. मागोमाग सारी गल्ली आली. कोणी हळद लावली, कोणी साखर तोंडात घातली. तो हसत होता. मित्र कसा ओरडला याची नक्कल करून दाखवीत होता. आम्हीही हसलो. त्याने दहीभात खाल्ला. साडेआठच्या सुमारास म्हणाला, “मामी, डोकं फार ठणकतंय.” मग ओकारी झाली. उन्हातून आला आहे, वरून गार दहीभात खाल्ला. कारणे शोधण्यात आम्ही बायका कमी पडलो नाही. पुन्हा एकदा ओकारी झाली, तेव्हा त्याच्या वडिलांनी विचारले, डॉक्टरांकडे न्यावे काय? मुलाचे डोळे मिटत चालले होते. हलविले की तो चिडे. त्या घोळक्यात शिकलेली म्हणून जिचे म्हणणे सारे मानीत, ती मी. मी म्हणाले, “दमला आहे. त्याला झोपू द्या.”

मध्यरात्रीनंतर तो मोठमोठ्याने घोरू लागला. आईने ते ऐकले आणि तिला हायसे वाटले. गाढ झोप लागली म्हणून. पहाटे ती उठवावयास गेली तेव्हा तो उठेना. एका डोळ्याची बाहुली दिव्याच्या उजेडातही मोठीच राहिली होती. भाड्याची मोटार शोधून, २५ किलोमीटरांवरचे तंजावर गाठीपर्यंत उजाडले. दुपारी तो गेला.

वाचकहो, त्या संध्याकाळी त्या घरात कोणी निष्काळजी नव्हते. पंधरा माणसे त्याच्याभोवती होती आणि प्रत्येकाचे लक्ष त्याच्याकडे होते. काय पाहावयाचे, एवढे मात्र एकालाही ठाऊक नव्हते. मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर मी डॉक्टरांना विचारीत गेले, वाचीत गेले, आणि जे समजले ते ओळखीच्या प्रत्येक घरात सांगत आले आहे. आपल्याही घरात सांगू द्या.

पापनाशमजवळ तिरुप्पालैत्तुरै येथील शिवालयाच्या आवारात नायक राजांच्या काळी बांधलेले विटांचे एक प्रचंड धान्यकोठार आहे. त्याच्या भिंती पाहिल्या की मला मनुष्याची कवटी आठवते. कवटी अशीच पक्की, आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत ती तिळभरही फुगत नाही. आत मेंदू, त्यातील रक्तवाहिन्या आणि त्याच्याभोवतीचे पाणी यांनी जागा भरून गेलेली असते. आत एखादी रक्तवाहिनी फुटली आणि रक्त साचू लागले, तर त्यास जागा कोठून मिळणार? ते मेंदूला दाबूनच जागा करून घेते. सुरुवातीस थोडे पाणी खाली सरकते, शिरांतील रक्त बाहेर रेटले जाते, आणि तेवढ्यावर काही काळ निभावते. या काळात मनुष्य बोलतो, चालतो, थट्टा करतो. मग ही सोय संपते आणि दाब झपाट्याने चढू लागतो. कवटीला मोठे असे द्वार एकच; ते तळाशी, जेथून मज्जारज्जू पाठीच्या कण्यात उतरतो. दाबाखाली मेंदू त्या द्वाराकडे रेटला जातो, आणि श्वास चालविणारी केंद्रे नेमकी तेथेच आहेत. त्या रात्रीचे ते घोरणे झोपेचे नव्हते.

कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तेथे मार लागून हाड तडकले की ती धमनी फाटते आणि हाड व मेंदूचे बाहेरील जाड आवरण यांच्यामध्ये रक्ताची गाठ जमते. धमनीचे रक्त जोराचे, त्यामुळे सारा खेळ काही तासांत आटोपतो. माराच्या वेळी क्षणभर शुद्ध जावी, मग मनुष्य अगदी ठीक व्हावा आणि मग हळूहळू गुंगीत जावा, हा या गाठीचा प्रसिद्ध क्रम. मधल्या त्या शुद्धीच्या काळाने आजवर किती घरांना फसविले असेल! आणि दुःखाची गोष्ट अशी, की वेळेवर कवटी उघडून ती गाठ काढली तर यातील पुष्कळ माणसे पूर्णपणे बरी होतात, कारण मुळात मेंदूला फारशी इजा झालेलीच नसते.

आपल्यापैकी क्रिकेटचे शौकीन असतील त्यांना रमण लांबा आठवत असेल. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्याच्या मैदानावर तो फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटवाचून क्षेत्ररक्षणास उभा राहिला. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते. तेवढ्यासाठी हेल्मेट कशाला, असे त्यास वाटले. चेंडू कपाळावर बसला. तो उठला, आपल्या पायांनी मैदानाबाहेर गेला. काही वेळाने प्रकृती बिघडली, मेंदूत रक्तस्राव झाल्याचे कळले, शस्त्रक्रियाही झाली. परंतु २३ तारखेस तो मृत्यू पावला. वय ३८. २००९ च्या मार्चमध्ये इंग्रज अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात बर्फावर घसरून पडली. काही झाले नाही म्हणून तिने मदतीस आलेली रुग्णवाहिका परत पाठविली. दोन दिवसांनी ती गेली. हे वाचले तेव्हा मला समोरच्या घरातला तो दहीभात आठवला.

पण नरी कॉन्ट्रॅक्टर यांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. १९६२ च्या मार्चमध्ये भारताचा संघ वेस्ट इंडीजमध्ये होता. बार्बाडोसच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या या कर्णधाराच्या डोक्यास लागला आणि कवटी फुटली. ते शुद्धीवर होते. पण त्यांना रुग्णालयात नेले, प्रकृती ढासळू लागताच शस्त्रक्रिया केली आणि आत साचलेले रक्त काढून दाब कमी केला. रक्त देणाऱ्यांत प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर होते. पुढे वेलोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसविली. हे डॉ. चांडी म्हणजे १९४९ साली वेलोरला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू करणारे. पुढच्याच वर्षी डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासच्या सरकारी रुग्णालयात तसेच काम आरंभिले. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, पण मैदानावर मात्र परतले. ती पट्टी साठ वर्षे टिकली. २०२२ साली मुंबईत ती काढून टाकण्यात आली. त्यांचा मार लांब्याहून हलका होता असे कोणी म्हणणार नाही.

आता घरातल्या माणसाने पाहावे काय? डोके दुखणे तर मार लागल्यावर असतेच. प्रश्न ते वाढते आहे की कमी होत आहे, हा आहे. ओकारी एकदा झाली तर लहान मुलांत पुष्कळदा भीतीनेही होते. पुन्हा पुन्हा झाली तर थांबू नये. मनुष्य पेंगू लागला, नेहमीपेक्षा उठविण्यास जड गेला, उठविल्यावर विसंगत बोलू लागला, तोच प्रश्न परत परत विचारू लागला, घर ओळखेना, जीभ अडखळू लागली, एकाएकी चिडका झाला, तर ही सारी मेंदूची हाक समजावी. एक हात किंवा एक पाय दुर्बळ होणे, तोंडाची एक बाजू ओघळणे, एकाऐवजी दोन दिसणे, झटके येणे, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षण दवडू नये. बाहुल्यांविषयी मात्र एक सावधगिरी सांगते: ते उशिराचे लक्षण आहे. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत म्हणून निश्चिंत होऊन बसू नये. नाकातून अथवा कानातून पाण्यासारखा पातळ स्राव येणे, कानातून रक्त येणे, कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळे-निळे होणे ही कवटीच्या तळाचे हाड तडकल्याची चिन्हे होत. ती कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात.

तान्ह्या मुलास सांगता येत नाही. ते दूध घेईनासे झाले, कशानेही उगी राहीना, किंवा उलट भलतेच शांत व मलूल झाले, टाळू फुगून आलेली दिसली, अथवा डोक्यावर मऊ सूज आली, तर त्यास ताबडतोब दाखवावे. आपल्याकडे पाळण्यातून किंवा पलंगावरून पडलेल्या मुलाला ‘पडेल तो वाढेल’ म्हणून हसण्यावारी नेतात. एक वर्षाच्या आतील मुलाबाबत तरी हे हसणे सोडून द्यावे, असे मला वाटते.

काहींच्या बाबतीत तर लक्षणांची वाट पाहण्याचेही कारण नाही. ज्याची शुद्ध क्षणभर का होईना गेली, ज्यास अपघाताच्या वेळचे आठवत नाही, जो उंचावरून किंवा वेगातल्या वाहनावरून पडला, ज्याचे वय पासष्टाच्या वर आहे, जो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो, त्यास बरे दिसत असले तरी डॉक्टरांकडे न्यावे. त्यांना वाटले तर ते डोक्याचा सी.टी. स्कॅन काढावयास सांगतात. १९७१ साली इंग्लंडमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूचे असे चित्र निघाले. त्यापूर्वी कवटीत कोठे रक्त साचले आहे हे कळावयास आजच्याइतका सरळ मार्ग नव्हता. दारू प्यालेला मनुष्य पडला तर त्याची गुंगी दारूची असे धरून चालू नये. तो दारूच्या वासाखालीच मरून जातो आणि सकाळपर्यंत कोणास संशयही येत नाही.

झोपेविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. त्या घटनेनंतर आमच्या गल्लीत कोणाच्या डोक्याला टेंगूळ आले तरी त्यास रात्रभर जागे ठेवू लागले. एका मुलीला तर तिच्या आजीने पहाटेपर्यंत गोष्टी सांगायला लावल्या. याची गरज नसते. डॉक्टरांनी तपासून घरी पाठविलेल्या माणसास झोपण्यास हरकत नाही. झोप रोग आणीत नाही. झोपेच्या आड रोग लपतो, एवढेच. म्हणून पहिले चोवीस तास, आणि शक्य तर दोन दिवस, समजूतदार माणसाने त्याच्याजवळ असावे आणि डॉक्टर सांगतील तसे त्यास मधून मधून उठवून पाहावे. नाव विचारावे, आपण कोठे आहोत ते विचारावे, दोन्ही हातांनी आपली बोटे दाबावयास सांगावे. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी, टीसडेल आणि जेनेट यांनी, १९७४ साली शुद्ध मोजण्याची एक रीत सांगितली. डोळे कशाने उघडतो, बोलतो कसा, हात-पाय कसे हलवितो, एवढे तीनच प्रश्न तीत आहेत, आणि आज जगभर रुग्णालयांतून ती चालते. घरी गुण देण्याची आवश्यकता नाही. तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून उत्तर मघापेक्षा उतरले की काय, एवढे पाहावे. आणि प्रत्येक वेळेस घड्याळ पाहून ते कागदावर लिहावे.

लिहावे यावर मी फार भर देते, आणि ही सवय मला आमच्या अण्णांनी लावली. अण्णा म्हणजे माझे चुलत सासरे. पापनाशमच्या जुन्या घरात तेच राहतात. तंजावरचे सरफोजी महाराज, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजी, हा त्यांचा अभिमानाचा विषय. महाराजांनी धन्वंतरी महाल चालविला, आणि त्यांच्या काळच्या नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. “अगं, ज्यानं लिहून ठेवलं त्यालाच रोग दिसला,” असे अण्णा म्हणत. स्वतः ते रोजचा हिशेब एका वहीत लिहितात. भाजी, दूध, कॉफीची पूड, सारे तारीखवार.

आम्ही पुण्यास येऊन बरीच वर्षे झाली होती. २०२३ च्या जानेवारीत पोंगलसाठी आम्ही पापनाशमला गेलो, तेव्हा अण्णा मला वेगळे वाटले. ओसरीवरच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या ते पेंगत. सकाळी डोके दुखते म्हणत. जेवताना सांबार सदऱ्यावर सांडे. घरच्यांना याचे फारसे काही वाटत नव्हते. जे रोज पाहतात त्यांना थोडथोडा बदल दिसत नाही. “आता शहात्तर झाले, वय बोलायचंच,” असे जाऊबाई म्हणाल्या. जवळच्या एका डॉक्टरांनी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अण्णा देवळातून परत आले. त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. ती कोपऱ्यावर पायातून निसटून पडली होती, आणि ते उजव्या चपलेनिशी तसेच घरापर्यंत चालत आले होते. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

सारे हसले. मला मात्र २००१ सालची ती नक्कल आणि आमचे हसणे आठवून अंगावर काटा आला. मी विचारले, “अण्णा, अलीकडे कुठं पडला होता का?” ते म्हणाले, नाही. जाऊबाईही म्हणाल्या, नाही. अंगण झाडणारी बाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, पडले होते की. घराच्या मध्यभागी उघडे अंगण असते, तमिळमध्ये त्यास मुट्रम म्हणतात. तेथे पावसाने ओल्या झालेल्या फरशीवर पणत्यांचे तेल सांडले होते. त्यावर अण्णा घसरले, डोके खांबाच्या दगडी पायथ्याशी लागले. तिनेच त्यांना उठविले होते. “कोणाला सांगू नकोस,” म्हणून अण्णांनी बजावले, आणि फिल्टर कॉफी मागितली.

म्हातारपणी मेंदू किंचित आक्रसतो. मेंदू आणि त्याचे आवरण यांमध्ये ताणलेल्या बारीक शिरा लहानशा धक्क्यानेही फाटतात. धमनीसारखे रक्त उसळत नाही, ते झिरपते. आत मोकळी झालेली जागा भरेपर्यंत काही कळत नाही, आणि मग दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, मनुष्य मंदावू लागतो. चाल बदलते, विसर पडतो, बोलणे तुटक होते. घरातले लोक तोवर पडणे विसरलेले असतात, आणि पुष्कळदा पडलेला स्वतःही. अण्णांना हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. तिने भर घातली. हा रक्तस्राव म्हातारपणाचा इतका हुबेहूब वेष घेतो, की ‘वय झाले’ या दोन शब्दांखाली तो सहज गाडला जातो.

मी त्यांची हिशेबाची वही मागितली. डिसेंबरच्या आरंभीची पाने स्वच्छ, एकटाकी. महिन्याच्या शेवटी ओळी उतरत गेलेल्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बेरीज चुकलेली, तीही तीन ठिकाणी. त्यापुढे काहीच नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे हिशेब चुकविला नाही, त्याच्या वहीत हे सारे तारीखवार लिहिलेले होते.

त्याच दुपारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून आम्ही त्यांना तंजावरला नेले. वही मी बरोबर घेतली. डॉक्टरांनी ती हसण्यावारी नेली नाही, याचे मला बरे वाटले. स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूस साचलेले जुने रक्त दिसले. उजव्या बाजूचा मेंदू डावे अंग चालवितो. डावी चप्पल का गेली ते तेव्हा उमगले. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा बंदोबस्त करून दुसऱ्या दिवशी कवटीला दोन लहान छिद्रे पाडली आणि ते रक्त बाहेर काढले. काळपट, काकवीच्या रंगाचे, पातळ झालेले रक्त होते असे मागाहून सांगितले. तिसऱ्या दिवशी अण्णा डावा हात उचलून कॉफीचा पेला धरू लागले.

अपघाताच्या क्षणीच कोणी जवळ असेल तर काय करावे, तेही येथेच सांगून टाकते, कारण पुष्कळ इजा मदतीनेच होते. जोराचा मार असेल तर मानही दुखावली आहे असे धरून चालावे. ओढून उठवून बसवू नये. ओकारी होत असेल तर दोघा-तिघांनी डोके, मान आणि धड एका रेषेत धरून सारे अंग एकदमच कुशीवर वळवावे. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी, चहा, साखर, काही घालू नये. ते श्वासनळीत जाते. सुजेवर तेल चोळू नये. झटका आला तर चप्पल-कांदा हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. अ‍ॅस्पिरिनसारख्या किंवा सूज उतरविणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. झोपेची गोळी तर मुळीच नको. जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कपड्याने दाबून धरावे, मात्र हाड दबलेले लागले तर त्यावर जोर देऊ नये.

रुग्णालयात नेण्याचे भय आता पूर्वीइतके बाळगण्याचे कारण नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास पोलिसांचा वा कज्जाचा त्रास होऊ नये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आहे. तमिळनाडू सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये एक योजना सुरू केली. तीत रस्त्यावरील अपघातानंतरच्या पहिल्या ४८ तासांचे उपचार निवडक रुग्णालयांतून विनामूल्य होतात. समोरच्या घरातल्या त्या वडिलांनी ‘न्यावे काय’ असे विचारले, तेव्हा त्या प्रश्नात मोटारीच्या भाड्याचाही विचार होता, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

त्या मुलाची आई अजून समोरच राहते. अण्णांना घरी आणले त्या संध्याकाळी ती आली, कट्ट्यावर बसली, आणि त्यांच्या डोक्यावरची पट्टी बराच वेळ पाहत राहिली. मी तिच्याशेजारी बसले. त्या रात्रीविषयी आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. त्याही दिवशी बोललो नाही. उठताना तिने माझा हात धरला आणि एवढेच विचारले, “रात्री त्यांच्याजवळ कोण झोपणार?” मी म्हटले, “मी.”

चार दिवसांनी अण्णांनी वही मागितली. बेरजा दुरुस्त केल्या. मग त्यांना आपण पडलो ती तारीख वहीत हवी झाली, आणि ती कोणालाच सांगता येईना. पुन्हा त्या झाडणाऱ्या बाईस बोलाविले. तारीख तिला ठाऊक नव्हती. पण कार्तिगै दीपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीच्या पणत्या उचलताना, हे तिला पक्के आठवत होते. अण्णांनी भिंतीवरची जुनी दिनदर्शिका काढवून घेतली, बोटाने दिवस मोजले, आणि ७ डिसेंबर २०२२ च्या पानावर, दूध आणि कॉफीच्या पुडीच्या खाली उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिले: ‘पडलो.’